उशाशी बसणाऱ्यांची परिचारिका

फ्लोरेन्स नाइटिंगेल हे नाव उच्चारताच डोळ्यांपुढे एकच चित्र उभे राहते. स्कुटारीच्या लष्करी रुग्णालयातील लांबच लांब वॉर्ड, दुतर्फा पडलेले जखमी सैनिक आणि रात्रीच्या अंधारात हातात दिवा घेऊन त्यांच्यामधून फिरणारी एक स्त्री. पाठ्यपुस्तकांनी हे चित्र पिढ्यान्‌पिढ्या मनावर ठसवले आहे. नाइटिंगेल यांचा जन्मदिवस असलेला १२ मे हा दिवस १९७४ पासून आंतरराष्ट्रीय परिचारिका दिन म्हणून पाळला जातो आणि त्या दिवशी पुन्हा त्याच दिव्याचे स्मरण केले जाते.

मात्र क्रिमियन युद्धातील ही कामगिरी उण्यापुऱ्या वीस-एकवीस महिन्यांची होती आणि नाइटिंगेल जगल्या नव्वद वर्षे. युद्धापूर्वी त्यांनी घरातील वृद्धांची शुश्रूषा केली. युद्धानंतर त्या स्वतः दीर्घकाळ अंथरुणाला खिळल्या. पुढे दृष्टी आणि स्मृती गमावत चाललेल्या आईची जबाबदारी त्यांच्यावर आली आणि अखेरीस त्याच अवस्थेला त्या स्वतः पोहोचल्या. रुग्णाजवळ बसणारे घरचे माणूस, प्रशिक्षित परिचारिका आणि परावलंबी रुग्ण या तिन्ही भूमिका एकाच व्यक्तीच्या वाट्याला आल्याचे असे उदाहरण विरळाच. रुग्णालयातील परिचारिका आणि रुग्णाचे घर यांनी एकमेकांचा हात कसा धरावा, हा प्रश्न नाइटिंगेल यांच्या आयुष्यात आरंभापासून अखेरपर्यंत येत राहिला. त्याचे उत्तर त्यांनी पुस्तकातून आणि संस्थांमधून दिले. त्यातील एक कठोर धडा मात्र त्यांच्या स्वतःच्या आजारपणातून मिळतो.

सुखवस्तू घरातील कोंडमारा

नाइटिंगेल यांचा जन्म १२ मे १८२० रोजी इटलीतील फ्लोरेन्स शहरात झाला आणि त्या शहराचेच नाव त्यांना मिळाले. वडील विल्यम एडवर्ड नाइटिंगेल हे श्रीमंत जमीनदार, तर आई फॅनी या गुलामगिरीविरोधी खासदार विल्यम स्मिथ यांच्या कन्या. डर्बीशायरमधील ली हर्स्ट आणि हॅम्पशायरमधील एम्बली पार्क अशी या कुटुंबाची दोन प्रशस्त घरे होती. वडिलांनी फ्लोरेन्स आणि थोरली बहीण पार्थेनोपी या दोघींना ग्रीक, लॅटिन, इतिहास आणि तत्त्वज्ञान शिकवले. फ्लोरेन्स यांना गणिताचीही ओढ होती. १८३७ च्या आरंभी इंग्लंडमध्ये इन्फ्लुएन्झाची साथ आली, तेव्हा एम्बलीतील आजारी माणसांची उस्तवार करण्यात सोळा वर्षांच्या फ्लोरेन्स आघाडीवर होत्या. त्याच वर्षी ७ फेब्रुवारीला आपल्याला ईश्वरी हाक ऐकू आल्याची नोंद त्यांनी करून ठेवली. ती हाक कोणत्या कामासाठी होती, हे उमगायला मात्र पुढे बरीच वर्षे लागली.

त्या उमजण्यात वृद्धांच्या शुश्रूषेचा वाटा मोठा होता. १८४५ मध्ये त्या वडिलांसमवेत शेफील्डजवळच्या टॅप्टन येथे आजीला भेटायला गेल्या. आजी गंभीर आजारी असल्याचे पाहून त्या तिच्या सेवेसाठी तेथेच थांबल्या. त्यापाठोपाठ दोघी बहिणींना लहानाचे मोठे करणारी म्हातारी दाई, मिसेस गेल, आजारी पडली. तिच्या अखेरच्या घटकेपर्यंत फ्लोरेन्स तिच्याजवळ होत्या. याच काळात गावातील एका गरीब स्त्रीचा मृत्यू त्यांनी पाहिला. तिच्याजवळ रात्री जागायला माणसे होती, पण नेमके काय करावे हे त्यांच्यापैकी कुणालाच ठाऊक नव्हते. त्यांच्या अज्ञानाने त्या स्त्रीचा जणू विषप्रयोगासारखा घात केला, असे फ्लोरेन्स यांनी आपली मावसबहीण हिलरी हिला कळवले. शुश्रूषेला माया लागते हे खरे, पण केवळ मायेने भागत नाही, तिचे शिक्षण घ्यावे लागते, ही त्यांची धारणा येथे पक्की झाली.

हे शिक्षण घ्यायचे कोठे, हा प्रश्न होता. एम्बलीपासून जवळच असलेल्या सॅलिसबरीच्या रुग्णालयात तीन महिने शिकण्याची परवानगी त्यांनी १८४५ च्या अखेरीस मागितली आणि घरात वादळ उठले. त्या काळी रुग्णालय ही गोरगरिबांची जागा होती. ज्यांना घर होते त्यांच्यावर घरीच उपचार होत. रुग्णालयातील परिचारिका म्हणजे अडाणी, व्यसनी आणि सैल वर्तनाची बाई, अशीच समाजाची समजूत होती. आईने आणि बहिणीने आकांत केला आणि तो बेत बारगळला. त्याच वेळी अविवाहित मुलगी म्हणून नात्यातील कुणीही आजारी पडले की शुश्रूषेसाठी बोलावणे फ्लोरेन्स यांनाच येई. घरात जे काम स्त्रीने करावे अशी अपेक्षा होती, तेच काम शिकण्याला मात्र घरचा विरोध होता. ही विसंगती त्यांना आयुष्यभर बोचत राहिली.

या कोंडमाऱ्यातून बाहेर पडायला आणखी काही वर्षे गेली. रिचर्ड मॉन्क्टन मिल्न्स यांच्याशी विवाहाचा प्रस्ताव त्यांनी नाकारला. जर्मनीत ऱ्हाइन नदीकाठी कैसरवर्थ येथे पास्टर फ्लीडनर यांनी चालवलेल्या संस्थेत १८५१ मध्ये त्यांनी तीन महिने शिक्षण घेतले. १८५२ मध्ये वृद्ध इव्हान्स आजींच्या अखेरच्या आजारात त्या पुन्हा एकदा उशाशी होत्या. १८५३ मध्ये पॅरिसमधील रुग्णालयांचा अभ्यास सुरू असतानाच टॅप्टनची आजी अत्यवस्थ असल्याचा निरोप आला आणि तो अभ्यास अर्धवट सोडून त्या परतल्या. आजीचे डोळे मिटेपर्यंत त्यांनी तिची सेवा केली. म्हणजे रुग्णालयाची सूत्रे हाती येण्यापूर्वीच जराजर्जर माणसाची शुश्रूषा म्हणजे काय, रात्रीची जागरणे आणि घासभर अन्नासाठी करावी लागणारी मनधरणी काय असते, हे त्यांनी घरचे माणूस म्हणून अनुभवले होते.

वॉर्डापासून घरापर्यंत

१२ ऑगस्ट १८५३ रोजी लंडनच्या अप्पर हार्ले स्ट्रीटवरील आजारी स्त्रियांसाठीच्या एका लहानशा संस्थेच्या त्या अधीक्षक झाल्या. तेथे राहणाऱ्यांत वय झालेल्या, एकट्या आणि मिळकत नसलेल्या शिक्षिका बऱ्याच होत्या. नाइटिंगेल यांनी प्रत्येक मजल्यावर गरम पाणी आणवले, जेवण वर नेण्यासाठी यांत्रिक पाळणा बसवला आणि परिचारिकेला बोलावण्यासाठी घंटांची सोय केली. परिचारिकेची जिन्यातली निम्मी धावपळ वाचली तर तो वेळ रुग्णाला मिळतो, हा त्यामागचा साधा हिशेब होता. कोणत्याही धर्मपंथाच्या रुग्णाला प्रवेश मिळालाच पाहिजे, असा आग्रह धरून तो त्यांनी व्यवस्थापकांच्या गळी उतरवला.

पुढच्याच वर्षी क्रिमियन युद्धातील जखमींच्या हालअपेष्टांच्या बातम्या लंडनच्या वृत्तपत्रांत येऊ लागल्या. युद्धमंत्री सिडनी हर्बर्ट यांच्या विनंतीवरून ३८ परिचारिकांसह नाइटिंगेल २१ ऑक्टोबर १८५४ रोजी लंडनहून निघाल्या आणि ४ नोव्हेंबरला स्कुटारीला पोहोचल्या. तेथील घाण, तुंबलेली गटारे, अपुरे कपडे, निकृष्ट अन्न आणि साथीचे रोग यांची कहाणी सर्वपरिचित आहे. फेब्रुवारी १८५५ मध्ये तेथील मृत्यूचे प्रमाण सुमारे ४२ टक्क्यांवर गेले होते. मार्चमध्ये आलेल्या आरोग्य आयोगाने गटारे साफ करवली, हवा खेळती केली आणि जूनपर्यंत ते प्रमाण दोन टक्क्यांच्या आसपास उतरले.

त्यांच्या तेथील कामाची एक बाजू कमी सांगितली जाते. मरण पावलेल्या सैनिकांच्या आया आणि बायका यांना त्या स्वतः पत्रे लिहीत. त्या माणसाचे अखेरचे दिवस कसे गेले आणि त्याने कुणाची आठवण काढली, हे घरी कळावे असा त्यांचा कटाक्ष असे. सैनिकांचा पगार दारूत जाण्याऐवजी घरी पोहोचावा म्हणून पैसे पाठवण्याची व्यवस्था त्यांनी सुरू केली. इमारतीच्या तळघरात दैन्यावस्थेत राहणाऱ्या सैनिकांच्या बायकामुलांची जबाबदारी त्यांनी लेडी अलिशिया ब्लॅकवुड यांच्याकडे सोपवली. खाटेवरचा रुग्ण हा कुणाचा तरी मुलगा, नवरा वा बाप आहे, हे भान त्यांनी युद्धाच्या धामधुमीतही सोडले नाही.

घरच्या बायकांसाठी पुस्तक

ऑगस्ट १८५६ मध्ये नाइटिंगेल गाजावाजा टाळून मायदेशी परतल्या. युद्धात जडलेल्या तापाने त्यांची प्रकृती खिळखिळी झाली होती. हा आजार ब्रुसेलोसिस असावा, असे आजच्या काही अभ्यासकांचे मत आहे. १८५७ मध्ये त्या कोसळल्या आणि नंतरची अनेक वर्षे त्यांनी खोलीतून, बहुतेक वेळा अंथरुणावरूनच काम केले. लष्कराच्या आरोग्याचे अहवाल, मृत्यूची कारणे दाखवणाऱ्या प्रसिद्ध आकृत्या आणि रुग्णालयांच्या बांधणीवरील लेखन हे सारे याच काळातले. १८५८ मध्ये त्या लंडनच्या सांख्यिकी संस्थेच्या पहिल्या महिला सदस्य झाल्या.

‘नोट्स ऑन नर्सिंग’ हे त्यांचे सर्वाधिक खपलेले पुस्तक १८५९ च्या अखेरीस बाहेर पडले. त्याच्या १५ हजार प्रती महिनाभरात संपल्या. हे परिचारिकांचे पाठ्यपुस्तक आहे, असा सार्वत्रिक समज असला तरी तो खरा नाही. परिचारिकांना शिकवण्यासाठी आपण हे लिहिलेले नाही, असे प्रस्तावनेतच स्पष्ट केलेले आहे. घरात मूल, आजारी माणूस वा म्हातारे माणूस सांभाळण्याची पाळी जवळजवळ प्रत्येक स्त्रीवर कधी ना कधी येते. तिला विचार करायला मदत व्हावी, एवढाच या पुस्तकाचा हेतू होता. श्रमिक कुटुंबांना परवडावी अशी त्याची स्वस्त आवृत्ती १८६१ मध्ये निघाली आणि तीत तान्ह्या मुलांच्या संगोपनावर एक प्रकरण जोडण्यात आले.

या पुस्तकातील सूचना आजही म्हाताऱ्या माणसाजवळ बसलेल्या कुणालाही तंतोतंत पटाव्यात अशा आहेत. खोलीत वा दाराबाहेर रुग्णाविषयी कुजबुज करू नये, कारण त्या अर्धवट ऐकू येणाऱ्या शब्दांचा त्याच्या मनावर फार ताण पडतो. बोलताना त्याला मान वळवावी लागणार नाही अशा जागी, समोर बसावे. पलंगाला टेकू नये, तो हलवू नये. पहिल्या झोपेतून त्याला उठवू नये. अशक्त माणसाच्या अंगातील ऊब पहाटे सर्वांत कमी होते, म्हणून त्या वेळी पायांना हात लावून पाहावे आणि गरज भासल्यास गरम पाण्याची बाटली द्यावी. न खाल्लेले ताट उशाशी तसेच ठेवू नये. बाहेर जायचे असेल तर जाताना सांगून जावे आणि परत कधी येणार तेही सांगावे.

अन्नाविषयीचे त्यांचे निरीक्षण विशेष मार्मिक आहे. रुग्ण जेवत नाही, एवढीच तक्रार घरची माणसे करतात. पण त्यामागे चार वेगवेगळी कारणे असू शकतात. पदार्थ नीट शिजलेला नसेल, पदार्थाची निवडच चुकली असेल, जेवणाची वेळ चुकीची असेल किंवा खरोखरच भूक मेलेली असेल. प्रत्येकाचा इलाज निराळा असतो. ही कारणे वेगळी करण्यासाठी दिवसभर जवळ असलेल्या माणसाची नजर हवी. चांगली झोप लागली का, असा मोघम प्रश्न विचारला की मोघमच उत्तर मिळते. किती तास लागली आणि कधी मोडली, असे विचारावे. डॉक्टर दिवसातून एकदा येतो. त्याला खरी माहिती जवळच्या माणसाकडूनच मिळायची असते. रुग्णाचे निरीक्षण करून ते अचूक सांगता येणे, हा शुश्रूषेतील सर्वांत महत्त्वाचा धडा असल्याचे नाइटिंगेल यांनी बजावले.

छोट्या व्यवस्थापनाचे प्रकरण तर दोन काळजीवाहकांमधील सहकार्याचाच वस्तुपाठ आहे. मी असताना सगळे नीट होते, ही कौतुकाची गोष्ट नाही, असे त्यातील सूत्र आहे. मी नसतानाही तेच घडेल अशी सोय लावणे म्हणजे जबाबदारी घेणे. एकाने दुसऱ्याला निरोप नीट दिला नाही, औषध दिले की नाही हे सांगायचे राहिले, कुणीतरी पाहिले असेल असे प्रत्येकानेच गृहीत धरले, याची किंमत मोजावी लागते ती रुग्णाला. आज रुग्णालयांतील ड्यूटी बदलताना जी माहिती एका परिचारिकेकडून दुसरीकडे दिली जाते, त्यामागेही हेच तत्त्व आहे.

आत्या निघून गेली

हे पुस्तक लिहिले जात असताना त्यांच्या स्वतःच्या खोलीत मात्र एक निराळे नाट्य घडत होते. त्यांची शुश्रूषा वडिलांची बहीण मेरी करत होत्या. आईच्या भावाशी विवाह झालेल्या मेरी या फ्लोरेन्स यांच्या आत्याही होत्या आणि मामीही. घरात सारे त्यांना माय म्हणत. युद्धकाळात त्या स्कुटारीलाही जाऊन राहिल्या होत्या. १८५७ मध्ये भाचीची प्रकृती ढासळल्यावर त्या तिच्याजवळ येऊन राहिल्या. फ्लोरेन्स आता फार दिवसांच्या सोबती नाहीत, अशीच तेव्हा सर्वांची समजूत होती. ते थोडे दिवस लांबत लांबत तीन वर्षे झाली. माय आत्यांचा नवरा, मुले, संसार सारे मागे राहिले. अखेर १८६० मध्ये त्या आपल्या घरी परतल्या.

नाइटिंगेल यांना हे जाणे सोडून जाण्यासारखे वाटले आणि त्यांनी ते मनाला फार लावून घेतले. आत्या-भाचीमधला दुरावा पुढे अनेक वर्षे टिकला. परिचारिकांच्या श्रमाचा, विश्रांतीचा आणि निवासाचा बारकाईने विचार करणाऱ्या या बाईंना आपल्याच उशाशी बसलेले माणूस थकू शकते, त्यालाही स्वतःचे आयुष्य असते, हे त्या वेळी दिसले नाही. घरचे माणूस म्हटले की त्याची सेवा गृहीत धरली जाते, हा दोष नाइटिंगेल यांच्यासारख्या व्यक्तीलाही टाळता आला नाही. चरित्रकारांनी हा प्रसंग झाकलेला नाही, हे बरेच झाले. दीर्घ आजारपणात काळजीवाहकाचीही कुणी काळजी घ्यावी लागते, हे त्यातून जितके स्पष्ट होते तितके कोणत्याही उपदेशाने होत नाही.

परिचारिका घरी आली

१८६० मध्येच लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयात नाइटिंगेल निधीतून परिचारिकांचे विद्यालय सुरू झाले. पहिल्या तुकडीत १५ विद्यार्थिनी होत्या. प्रशिक्षण वर्षभराचे होते आणि त्याची सूत्रे मेट्रन मिसेस वॉर्डरोपर यांच्याकडे होती. परिचारिका हा प्रतिष्ठेचा व्यवसाय होण्याची ही सुरुवात मानली जाते. पण प्रशिक्षित परिचारिका रुग्णालयाच्या भिंतीआडच राहिली तर घरात पडून असलेल्या रुग्णांचे काय, हा प्रश्न उरतच होता.

त्याला वाट मिळाली ती लिव्हरपूलच्या एका व्यापाऱ्यामुळे. विल्यम रॅथबोन यांनी १८५९ मध्ये पत्नीच्या अखेरच्या आजारात मेरी रॉबिन्सन या परिचारिकेला घरी ठेवले होते. पैसा आणि माणसे हाताशी असूनही कुशल परिचारिकेमुळे पत्नीच्या यातना किती हलक्या झाल्या, हे त्यांनी पाहिले. ज्यांच्याकडे काहीच नाही त्यांचे काय होत असेल, या विचाराने अस्वस्थ होऊन त्यांनी मिसेस रॉबिन्सन यांना शहरातील गरिबांच्या घरी जाऊन शुश्रूषा करण्यासाठी तीन महिन्यांकरता नेमले. तेथील दैन्य पाहून त्या बाईंचा धीर खचला आणि त्यांनी काम सोडण्याची परवानगी मागितली. रॅथबोन यांनी समजूत घातल्यावर त्या टिकून राहिल्या आणि मुदत संपल्यावर याच कामाला त्यांनी वाहून घेतले. अशा परिचारिका आणखी आणायच्या कोठून, हे रॅथबोन यांनी नाइटिंगेल यांना विचारले. लिव्हरपूलच्या रुग्णालयातच त्या तयार कराव्यात, असा सल्ला मिळाला. त्यानुसार तेथे विद्यालय उभे राहिले आणि शहराचे १८ विभाग पाडून घरोघर परिचारिका जाऊ लागल्या.

ज्यांना घरच नव्हते त्यांचे प्रश्न आणखी बिकट होते. निराधार म्हाताऱ्यांचा शेवटचा आसरा म्हणजे सरकारी अनाथगृहांना जोडलेले दवाखाने. तेथे रुग्णांची देखभाल तिथल्याच कंगाल बायकांकडून करवून घेतली जाई. १८६५ मध्ये लिव्हरपूलच्या ब्राउनलो हिल येथील सुमारे १२०० रुग्णांच्या अशा दवाखान्यात ॲग्नेस जोन्स ही नाइटिंगेल विद्यालयात शिकलेली तरुणी १२ परिचारिकांसह रुजू झाली. तीन वर्षांत तिने त्या जागेचा कायापालट केला आणि १८६८ मध्ये टायफसने तिचा बळी घेतला. तेव्हा ती अवघी ३५ वर्षांची होती. आजारी आणि दुर्बल गरिबांची व्यवस्था धडधाकट गरिबांपासून वेगळी असावी, हा आग्रह नाइटिंगेल यांनी लावून धरला होता. १८६७ च्या लंडनसाठीच्या कायद्यात त्याचा काही अंश उतरला.

१८६७ च्याच एका पत्रात नाइटिंगेल यांनी एक धाडसी विचार मांडला आहे. रुग्णालय ही संस्कृतीच्या प्रवासातील मधली पायरी असून शुश्रूषेचे अंतिम स्थान रुग्णाचे घरच आहे, असे त्यांना वाटे. इसवी सन २००० ची बात आताच कशाला, असेही त्यांनी त्यात म्हटले आहे. १८७४ मध्ये लंडनमध्ये घरोघरच्या शुश्रूषेसाठी संस्था निघाली. फ्लोरेन्स लीस तिच्या पहिल्या अधीक्षक झाल्या आणि १८७६ मध्ये नाइटिंगेल यांनी ‘टाइम्स’मधून तिच्यासाठी मदतीचे आवाहन केले. घरी जाणाऱ्या परिचारिकेने काय करावे, याची त्यांची कल्पना स्पष्ट होती. तिने रुग्णाबरोबर त्याच्या खोलीचीही शुश्रूषा करावी. खिडकी उघडावी, केरकचरा काढावा, अंथरूण नीट करावे. पण त्याहून महत्त्वाचे म्हणजे ती निघून गेल्यावर हे सारे तसेच ठेवायला घरच्यांना शिकवावे. तिने भिक्षा वाटू नये, कारण दान देणाऱ्या बाईपुढे घरचे लोक हात पसरतात, तिच्याकडून शिकत नाहीत. १८८७ मध्ये राणी व्हिक्टोरियाच्या सुवर्णमहोत्सवी निधीतील ७० हजार पौंड याच कामासाठी देण्यात आले आणि घरी जाणाऱ्या परिचारिकांची सेवा देशभर पसरली.

आई, बहीण आणि कर्तव्य

जानेवारी १८७४ मध्ये वडील वारले. इस्टेट वारसाहक्काने माय आत्यांच्या कुटुंबाकडे गेली. मागे उरल्या त्या पंच्याऐंशीच्या घरातील आई फॅनी. त्यांची दृष्टी गेली होती आणि स्मृतीही दगा देऊ लागली होती. ज्या आईने एकेकाळी मुलीच्या परिचारिका होण्याला कडाडून विरोध केला होता, तिची जबाबदारी आता त्याच मुलीवर आली. माय आत्यांचा मुलगा शोर आणि त्याच्या कुटुंबाने लंडनमध्ये फॅनींना मायेने सांभाळले. उन्हाळ्यात नाइटिंगेल त्यांना ली हर्स्टला घेऊन जात. स्वतःची प्रकृती तोळामासा, टेबलावर भारतविषयक अहवालांचे ढीग आणि शेजारच्या खोलीत आई, अशी सहा वर्षे गेली. या काळात काम होत नसल्याची त्यांची चिडचिड पत्रांतून उमटली आहे. कर्तव्य आणि काम यांच्या ओढाताणीत सापडलेल्या कोणत्याही मुलीची ती चिडचिड आहे. तरीही या वर्षांत मायलेकींमधले जुने अंतर मिटले. २ फेब्रुवारी १८८० रोजी फॅनी यांनी शांतपणे देह ठेवला.

ली हर्स्टच्या मुक्कामांत गावातल्या म्हाताऱ्याकोताऱ्यांकडेही त्यांचे लक्ष असे. स्थानिक डॉक्टरांना पदरचे पैसे देऊन त्या त्यांच्यावर उपचार करवीत. कुणाला किती दूध, कुणाला कोणते अन्न, याच्या तपशीलवार सूचना त्या पत्राने पाठवीत. पुढे संधिवाताने जखडलेल्या पार्थेनोपी यांच्याकडे क्लेडन हाउस येथे त्यांचे वरचेवर जाणे सुरू झाले. एकेकाळी धाकटीच्या ध्येयाला आडवी आलेली ही बहीण १२ मे १८९० रोजी, फ्लोरेन्स यांच्या सत्तराव्या वाढदिवशी, निवर्तली. त्याच परगण्यात १८९२ मध्ये खेड्यातील घरांत जाऊन आयांशी आरोग्याबद्दल बोलणाऱ्या प्रशिक्षित स्त्रियांची योजना नाइटिंगेल यांच्या पुढाकाराने सुरू झाली.

भारतात त्या कधीच आल्या नाहीत. तरी १८६३ च्या लष्करी आरोग्यविषयक अहवालापासून जवळजवळ चार दशके या देशाचा विषय त्यांच्या टेबलावर होता. भारतातील रुग्णालयांमधील परिचर्येच्या व्यवस्थेवर त्यांनी १८६५ मध्ये सूचना लिहिल्या. पुण्याच्या सार्वजनिक सभेशी त्यांचा पत्रव्यवहार होता. मुंबईचे समाजसुधारक बेहरामजी मलबारी यांच्या चरित्राला त्यांनी १८९२ मध्ये प्रस्तावना लिहिली. आरोग्याचे धडे वरून हुकूम सोडून रुजत नाहीत, ते घरातल्या बाईपर्यंत पोहोचले पाहिजेत आणि ते तिला आपल्यासारख्याच बाईकडून मिळाले पाहिजेत, हे सूत्र त्यांनी भारतातील खेड्यांनाही लावले.

शेवटची खोली

१८९६ नंतर नाइटिंगेल लंडनच्या साउथ स्ट्रीटवरील घरातील आपल्या खोलीतून बाहेर पडल्या नाहीत. हळूहळू दृष्टी गेली. नंतर स्मृतीही क्षीण झाली. १९०६ मध्ये भारतविषयक कागदपत्रे त्यांच्याकडे यापुढे पाठवू नयेत, असे सरकारी कचेरीला कळवावे लागले. १९०७ मध्ये ‘ऑर्डर ऑफ मेरिट’ हा सन्मान मिळवणाऱ्या त्या पहिल्या महिला ठरल्या, तेव्हा आपल्याला काय मिळत आहे हे त्यांना पुरते उमजलेही नसावे. या वर्षांत सोबतीला एक लेखनिक बाई आणि शुश्रूषेला परिचारिका असे. या काळातली एक आठवण चरित्रकारांनी नोंदवली आहे. रात्री परिचारिका त्यांचे पांघरूण नीट करून शेजारच्या खोलीत झोपायला गेली की या म्हाताऱ्या बाई उठत, हळूच तिच्या खोलीत जात आणि तिचे पांघरूण सारखे करत. माय आत्यांच्या वेळी जे भान सुटले होते, ते आता स्मृती विझत असताना परतले होते, असे म्हणावेसे वाटते.

१३ ऑगस्ट १९१० रोजी त्यांचे निधन झाले. वेस्टमिन्स्टर ॲबेतील दफनाचा मान कुटुंबाने त्यांच्या इच्छेनुसार नाकारला. ईस्ट वेलो येथील चर्चच्या आवारात आईवडिलांजवळ त्यांना पुरण्यात आले. शवपेटी सहा सार्जंटांनी वाहिली आणि दगडावर केवळ आद्याक्षरे आणि जन्ममृत्यूची नोंद कोरण्यात आली.

नाइटिंगेल यांच्या सर्वच मतांवर काळाने शिक्कामोर्तब केले, असे नाही. रोगजंतूंचा सिद्धांत स्वीकारायला त्यांनी वेळ लावला आणि परिचारिकांच्या अधिकृत नोंदणीला त्यांचा विरोध होता. उशाशी बसलेल्या माणसाबद्दलचे त्यांचे म्हणणे मात्र जुने झालेले नाही. आपल्याकडील कोणत्याही रुग्णालयात वृद्ध रुग्ण दाखल झाला की त्याच्याजवळ मुलगी, सून, मुलगा वा म्हातारी जोडीदारीण थांबणे गृहीतच धरलेले असते. परिचारिकेच्या वाट्याला अनेक खाटा असतात आणि नातेवाइकाच्या वाट्याला एकच माणूस. आजोबांना कोणत्या कानाने ऐकू येते, कवळी कधी काढतात, रात्री किती वेळा उठतात, कालपर्यंत नावाने हाक मारणारे ते आज अचानक भलतेच का बोलू लागले, हे त्या एका माणसाला ठाऊक असते. कूस कशी बदलावी, अंगावर फोड येऊ नयेत म्हणून काय करावे, ठसका न लागता भरवावे कसे, हे परिचारिकेला येते. वॉर्डात मात्र अनेकदा पहिल्याला बाहेर थांबायला सांगितले जाते आणि दुसरीला शिकवायला वेळ नसतो. घरी सोडल्यानंतर तर सगळी परिचर्या त्या पहिल्या माणसावरच येऊन पडते.

परिचारिकेने घरच्यांना विचारावे, घरच्यांनी पाहिलेले नेमके सांगावे, एकीने दुसऱ्याला शिकवावे आणि शिकणारा थकला की त्यालाही विसावा मिळावा. नाइटिंगेल यांच्या लेखनातून आणि आयुष्यातून निघणारा हा व्यवहार इतका साधा आहे. त्यासाठी महागडी यंत्रे लागत नाहीत. खाटेच्या दोन बाजूंना उभ्या असलेल्या दोन माणसांनी एकमेकांशी बोलायला हवे, एवढीच त्याची अट आहे.